एन्ड नवे टाकले तरी स्टिअरिंग परत ढिलं होतंय? आधी हे तपासा

जुन्या पिकअपवाल्यांची एक ठरलेली तक्रार असते. स्टिअरिंगला प्ले (ढिलाई) आला, गाडी रस्त्यावर सरळ धरंना, गॅरेजला नेली, मिस्त्रीनं खाली बघितल्यासारखं केलं आणि "एन्ड गेलेत" म्हणून सांगितलं, एन्ड म्हणजे स्टिअरिंगच्या रॉडच्या टोकाचे बॉल जॉइंट, ते बदलले, थोडे दिवस गाडी बरी चालली आणि ये रे माझ्या मागल्या. परत एन्ड. मग माणूस कधी म्हणतो माल डुप्लिकेट मिळाला, कधी म्हणतो रस्तेच तसले, कधी म्हणतो गाडीच विकून टाकू. डुप्लिकेट माल असतोय, रस्ते पण तसलेच आहेत, पण एन्ड सारखे सारखे जात असतील तर बहुतेक वेळा मूळ ढिलाई दुसरीकडंच असते आणि नवे एन्ड तिचा मार खाऊन लवकर मरतात. बदलल्यावर चार दिवस बरं वाटतं ते एवढ्यासाठीच की एकूण प्लेमधला थोडा हिस्सा कमी झालेला असतो.

मी धंद्यानं मिस्त्री नाही, पण आमच्या तासगाव भागात द्राक्षं, बेदाणा, शेणखत, औषधाचे बॅरल सगळं पिकअपवरच चालतं आणि घरच्या जुन्या गाड्यांच्या खाली पडून जे समजत गेलं ते लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दहा-पंधरा वर्षं झालेल्या कुठल्याही पिकअपची रड सारखीच.

आधी आपल्या गाडीच्या खाली काय आहे ते बघून घ्या. जुन्या पिकअपला बहुतेक बॉक्स स्टिअरिंग असतं, म्हणजे स्टिअरिंग रॉडच्या टोकाला गोट्यांचा गिअरबॉक्स, त्यातनं खाली आलेला पिटमन आर्म, काही मिस्त्री त्याला ड्रॉप आर्म म्हणतात, आणि तिथनं पुढं चाकापर्यंत रॉड. पुढं सबंध आडवा एक्सल आणि पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) असतील तर पिटमनपासनं चाकाकडं जाणारी एक ड्रॅगलिंक, दोन्ही चाकं जोडणारा एक टायरॉड आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूला किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती. पुढं पाटे नसून कंट्रोल आर्म असतील तर मधे सेंटर लिंक, तिच्या एका टोकाला पिटमन, दुसऱ्या टोकाला चॅसीला लावलेला आयडलर आर्म, दोन्ही चाकांकडं जाणारे छोटे टायरॉड आणि किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट. यातली आपली कुठली हे माहीत नसताना पार्टच्या दुकानात गेलं की दुकानदार देईल ते घेऊन यावं लागतं.

आता तक्रार नेमकी कसली आहे ते. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, मधे रिकामा भाग लागतो, तो झाला प्ले. पेठ नाक्याला हायवेला लागल्यावर साठ-सत्तरला गाडी सरळ रस्त्यात भरकटत राहते आणि सारखं सावरावं लागतं, हे प्लेमुळं पण होतं, पाट्याच्या बुशमुळं (पिनेभोवतीच्या नळीमुळं) पण आणि टायरमुळं पण. एकाच बाजूला ओढत असेल तर ती बहुतेक एन्डची तक्रार नव्हेच, आधी दोन्ही टायरची हवा बघा आणि मग थोडं चालवून एका बाजूचं ब्रेक धरून राहतंय का, ड्रम किंवा डिस्क जास्त तापतीय का ते बघा. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नसेल, जड लागत असेल, तर किंगपिन कोरडं पडलंय किंवा कॉलमचा क्रॉस, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यातला वाकणारा जोड, जाम झालाय किंवा कुणीतरी बॉक्सचा स्क्रू आवळून ठेवलाय, त्याचं पुढं सांगतो. आणि खड्डा लागला की स्टिअरिंग थडाथडा हलायला लागतं आणि वेग पार उतरवल्याशिवाय थांबत नाही, असं असेल तर गाडी उभी करा, लोड घेऊ नका, बाकीचं नंतर वाचा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, तपासणी रिकाम्या गाडीवर करायची. मागं ओव्हरलोड झाला की पुढचा भाग उचलला जातो, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि स्टिअरिंग हलकं, तरंगल्यासारखं लागतं. सीझनला हौद्याच्या वर क्रेटचे थर चढवून, वर ताडपत्री मारून गाडी निघते आणि ड्रायव्हर म्हणतो प्ले आलाय. खाली सगळं घट्ट असतं, माल उतरला की गाडी सुतासारखी सरळ.

प्ले मोजायला काही मोठं लागत नाही. चाकं सरळ ठेवा, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, बंद गाडीत पॉवर स्टिअरिंगचा प्ले उगीच जास्त वाटतो. स्टिअरिंगच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, जवळ एक पट्टी धरायची, एका बाजूला हळू फिरवायचं आणि बाहेरचा माणूस चाक हललं म्हणाला की तिथं खूण, मग उलट बाजूला तसंच. जुन्या बॉक्सच्या गाडीत कडेला इंचभर प्ले असतोच, त्याच्या नादी लागू नका. दोन इंच झाला की काम निघालंय. कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 98 सांगतो की स्टिअरिंगला 30 अंशांपेक्षा जास्त प्ले नको. आता 40 सेंटीमीटरच्या स्टिअरिंगला 30 अंश म्हणजे कडेला जवळजवळ चार इंच, म्हणजे कायद्यात बसणारी गाडी चालवायला चांगली असेलच असं काही नाही. पण त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे जी फार लोकांना माहीतच नसते, स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या पाहिजेत. फाटका बूट, म्हणजे तीच रबरी टोपी, आणि स्प्लिट पिनच्या जागी वाकवून घातलेली तार, दोन्ही नियमात बसत नाहीत. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतंय, तेव्हा निदान त्याच्या आधी महिनाभर तरी एकदा खाली बघून घ्यावं.

मुख्य तपासणीला जॅक लावायचा नाही. बरेच जण आल्या आल्या गाडी उचलतात आणि चाक धरून हलवतात, ते पण करायचंय पण नंतर. आधी गाडी जमिनीवर, वजन चाकांवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. एकानं आत बसून स्टिअरिंग नुसतं दोन-तीन इंच डावी-उजवीकडं हलवत राहायचं, चाक वळवायचं नाही, फक्त प्लेपुरतं इकडंतिकडं करत राहायचं. दुसऱ्यानं खाली. इंजिन चालू असेल तर पंखा आणि बेल्टपासून हात लांब, अंगात ढगळ काही नको. मग वरनं सुरुवात करून चाकापर्यंत एकेका जोडावर हात ठेवत जायचं, असा की निम्मी बोटं एका भागावर आणि निम्मी दुसऱ्यावर. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लगेच कळतं. जिथं पहिला भाग हलला आणि दुसरा थांबून मग हलला, तिथं ढिलाई आहे.

पहिला जोड म्हणजे कॉलमचा क्रॉस, काही गाड्यांत त्याच्या जागी रबराचं कपलिंग असतं. ते बॉनेट उघडून वरनंच दिसतं. क्रॉसमधे खटका असेल तर तो हातात ठक ठक लागतो. रबराचं असेल तर तडे गेलेत का, डिझेल-ऑइल पडून फुगलंय का बघा. मग बॉक्स. बॉक्समधे जाणारा रॉड आणि बॉक्सच्या खालनं बाहेर पडणारा शाफ्ट, दोन्हीवर एकेक हात. वरचा बराच फिरतो आणि खालचा हलतच नाही, तर प्ले बॉक्सच्या पोटात आहे. दोन्ही बरोबर हलतायत तर बॉक्स सोडा, पुढं जा.

पण पुढं जायच्या आधी अख्खा बॉक्सच हलतोय का ते बघा. हे कुणी बघत नाही आणि एन्ड परत परत जायचं माझ्या बघण्यातलं हे एक मोठं कारण. चुलतभावाच्या गाडीत हेच होतं. तो आत बसून हलवतोय, मी खाली. एन्डला हात लावला, घट्ट. ड्रॅगलिंकला लावला, घट्ट. वरनं तो ओरडतोय, "दादा, एन्ड सोड, गेल्या महिन्यातच टाकलेत," आणि मला बॉक्सच्या बोल्टच्या वॉशरभोवती विटकरी रंगाची बारीक पूड दिसली. तशी पूड दिसली की समजायचं की दोन लोखंडं एकमेकांवर घासतायत. चिखल खरवडून काढला, कापडानं पुसलं आणि बॉक्सवरनं चॅसीवर एकच सरळ खडूची रेघ ओढली. म्हटलं हलव आता. प्रत्येक झटक्याला रेघ मधेच तुटायची, बॉक्सवरचा तुकडा खाली सरकायचा, चॅसीवरचा जागेवर, परत जुळायची, परत तुटायची. त्याला खाली बोलावून स्वतः स्टिअरिंग हलवून दाखवलं तर गडी बराच वेळ काही बोललाच नाही.

असं असेल तर बोल्ट नुसते आवळून भागत नाही. ढिले बोल्ट जास्त दिवस चालले असतील तर भोकं लांबट झालेली असतात, आज आवळले तरी परत सुटणार. बोल्ट काढून भोकं बघायची, बोल्ट त्याच ग्रेडचे नवे टाकायचे, हार्डवेअरच्या दुकानातले साधे गेटाला लावायचे बोल्ट इथं चालत नाहीत. आणि बॉक्सच्या आजूबाजूला चॅसीला बारीक तडा गेलाय का ते तारेच्या ब्रशनं घासून बघायचं. तडा असेल तर रस्त्याकडंच्या वेल्डिंगवाल्याकडनं वरच्यावर टाका मारून घेऊ नका, तो टाक्याच्या शेजारनं परत फुटतो. चॅसीचं काम करणाऱ्याकडं न्या, तो तड्याच्या टोकाला भोक पाडून, आतनं पट्टी बसवून नीट करतो.

बॉक्स हलत असला की एन्ड का मरतात हे पण सांगतो. अख्खी जोडणी दर खड्ड्याला हिसके खाते, मधे जो काही घट्ट भाग आहे त्यावर सगळा ठोका येतो, आणि सगळ्यात घट्ट भाग म्हणजे काल टाकलेला नवा एन्ड.

कंट्रोल आर्मच्या गाडीत असाच घोळ आयडलर आर्म करतो. तो ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला चॅसीला लटकलेला असतो, मिस्त्री पटकन तिकडं जातच नाही. सेंटर लिंक त्याच्याजवळ हातानं धरून खालीवर दाबून बघा. आर्म खालीवर डुलत असेल तर बुश गेलं. मग सेंटर लिंक एका बाजूनं खाली लोंबते, चालताना दोन्ही टायरॉड वेगवेगळ्या कोनात जातात आणि टो, म्हणजे दोन्ही चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, सारखा बदलत राहतो. अशा गाडीचं अलाइनमेंट कितीही वेळा केलं तरी टिकत नाही आणि पैसे मात्र दरवेळी जातात.

आता जॅक. ठोकळा किंवा स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही, आणि विटा नकोत, विटा वजनानं फुटतात. सबंध एक्सल असेल तर एक्सलखाली उचला. कंट्रोल आर्म असतील तर ज्या आर्मवर स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा जोर आहे, बहुतेक खालचाच, त्याच्याखाली बाहेरच्या टोकाजवळ जॅक लावा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबामुळं गेलेला बॉल जॉइंट पण घट्ट वाटतो. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊला धरून हलवा, प्ले असेल तर एन्डकडं. बारा आणि सहाला धरून हलवा, प्ले असेल तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. यातलं बेअरिंग वेगळं काढायची सोपी युक्ती, एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन नाहीतर बॉल जॉइंट. चाकाच्या बेअरिंगचा नट आवळून सुटणाऱ्या कामाला किती जणांनी किंगपिनचा खर्च घातला असेल देव जाणे.

पाट्याच्या गाडीत शॅकलचे, म्हणजे पाटा चॅसीला लटकवणाऱ्या कडीचे, बुश आणि पिना विसरू नका. पुढच्या पाट्याचा बुश गेला की एक्सलच इकडंतिकडं सरकतो, स्टिअरिंगची जोडणी बिचारी ठणठणीत असली तरी गाडी भरकटते. मागच्या पाट्याचं पण तेच, मागचा एक्सल किंचित वाकडा चालायला लागला की ड्रायव्हरला वाटतं पुढचंच काहीतरी गेलंय. पहारीनं पाट्याच्या डोळ्याजवळ उचकटून बघा, बुश दिसतंय की लोखंडाला लोखंड लागलंय ते कळेल. यू बोल्ट पण तेव्हाच आवळून घ्या.

आणि बॉक्सचा स्क्रू. बॉक्सच्या झाकणावर चेकनट असलेला एक स्क्रू असतो, तो फिरवला की प्ले लगेच कमी वाटतो. म्हणूनच तो फार लाडका आहे. गिऱ्हाईक समोर उभं, दोन मिनिटांत स्टिअरिंग घट्ट, पैसे वसूल. पण बॉक्स मुद्दाम असा बनवलेला असतो की चाकं सरळ असताना आतले दात सगळ्यात घट्ट बसतात आणि वळणात थोडे सैल. चाक वळलेलं असताना स्क्रू आवळला की सरळ आल्यावर तो अडकतो, स्टिअरिंग परत येत नाही, आणि गोट्यांची वाट वरच्यावर खाल्ली जाते. म्हणून बाकीचे सगळे जोड नीट झाल्यावर, पिटमनपासनं लिंक सोडवून, स्टिअरिंग बरोबर मधे ठेवून, थोडा थोडा, पाव फेऱ्यापेक्षा कमीच फिरवायचा आणि दरवेळी एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठं अडकत नाही ना ते बघायचं. तेवढ्यानं प्ले गेला नाही तर बॉक्स उघडायला झालाय, स्क्रूचं काम संपलं.

आता बदलायचं. समजा हातानं तपासून एन्डच गेलाय हे पक्कं झालं. नवा एन्ड विकत घेतानाच दुकानात हातानं हलवून बघा, चांगला एन्ड ताठ असतो, जोर लावल्यावर सावकाश फिरतो, गळ्यात घुंगरू बांधल्यासारखा लटलट हलणारा एन्ड खोक्यात कितीही चकचकीत असला तरी परत द्या. जुना एन्ड सोबत घेऊन जा, टेपर (पिनेचा निमुळता भाग) आणि आटे जुळवून घ्या. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून डावा-उजवा सांगूनच मागायचा.

काढताना आधी जुन्या रॉडची लांबी मोजा, एका एन्डच्या पिनच्या मध्यापासनं दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, आणि रॉडवर जिथपर्यंत एन्ड आत गेलाय तिथं पंचनं खूण करा. नुसते फेरे मोजून भागत नाही कारण नव्या एन्डची लांबी कधीकधी थोडी वेगळी निघते. स्प्लिट पिन काढा, खाचेचा नट सोडा पण पूर्ण काढू नका, एन्ड सुटल्यावर झटक्यात खाली पडतो. एन्डच्या आट्यांवर हातोडा मारायचा नाही. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर आर्मच्या ज्या डोळ्यात एन्ड बसलाय त्या डोळ्याच्या एका बाजूला जड घण टेकवायचा आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोड्यानं सणसणीत ठोका, दोन-चारमधे टेपर सुटतो. मधे घालायचा काटा असतो त्यानं पण निघतो पण बूट फाटतो, म्हणून फेकायच्याच एन्डला तो वापरा. गॅस लावून लाल करायची सवय असलेला मिस्त्री दिसला तर हात जोडा, आर्मचं लोखंड पाणी दिलेलं असतं, लाल केलं की ते मऊ पडतं.

बसवताना टेपर आणि भोक दोन्ही कोरडं पुसून घ्या, तिथं ग्रीस लावायचं नाही, कोरडा टेपरच धरून ठेवतो. नट गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढ्या टॉर्कला आवळा आणि पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढं आवळून जुळवा, मागं सोडून कधीच नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवी, दोन-पाच रुपयांच्या पिनेत काटकसर कसली करायची. रॉडचा क्लॅम्प आवळायच्या आधी दोन्ही एन्ड आपापल्या चालीच्या मधोमध आहेत का बघा, एक पूर्ण तिरका बसला तर तो वळणात टेकतो आणि लवकर जातो.

पिटमन आर्म काढायचा असेल तर त्याचा वेगळा जाड पुलर लागतो. तो घणानं ठोकून काढला तर ठोका थेट बॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर जातो, आर्म बदलायला गेलात आणि बॉक्स घालवून आलात असं होतं. आर्म आणि शाफ्टवर आधी रेघेची खूण करा, एक दात पुढंमागं बसला तरी स्टिअरिंग वाकडं राहतं आणि एका बाजूचं वळण कमी पडतं.

किंगपिनचं काम घरी करू नका, एवढंच सांगतो. पिन निघायलाच प्रेस लागतो, गंजून बसलेली पिन घणानं ठोकत बसलं की तिचं टोक फुलतं आणि मग ती कुठूनच निघत नाही. नवे बुश बसवल्यावर त्यात रिमर मारून पिनेच्या मापाला आणावे लागतात, ते काम चांगल्या लेथवाल्याचं, सांगलीत नाहीतर मिरजेला कुपवाड एमआयडीसीकडं असे लोक आहेत. त्याला दोन गोष्टी मात्र समोर उभं राहून विचारा. बुशचं ग्रीसचं भोक निप्पलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) भोकासमोर आलंय का, आणि खालीवर प्ले काढायला शिम (पातळ चकती) टाकलीय का. बुश फिरवून बसला तर ग्रीस पिनेपर्यंत पोचतच नाही, मग तुम्ही वर्षभर ग्रीस मारत बसा, आत सगळं कोरडं.

काम झालं की अलाइनमेंट करावंच लागतं, एक एन्ड बदलला तरी. दुकानापर्यंत जायला पुरेल एवढं घरी जुळवता येतं. पुढच्या टायरवर मधोमध खडूची रेघ मारून दोन्ही टायरमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला, एक्सलच्या उंचीला मोजायचं, चाक अर्धा फेरा फिरवून त्याच रेघेवर. पुढचं माप मागच्यापेक्षा एक ते तीन मिलिमीटर कमी एवढं जुळलं की सावकाश जाता येतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला. जुने टायर पण खूप काही सांगतात. दोन्ही टायर बाहेरच्या कडेला घासलेत तर चाकं आत जास्त वळलेली, दोन्ही आतल्या कडेला घासलेत तर बाहेर, आणि हात एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखं लागतंय तर टो बिघडलेलाच आहे. एकाच टायरची एकच कड गेली असेल तर त्या बाजूचं किंगपिन नाहीतर बॉल जॉइंट परत तपासा, अलाइनमेंटवाल्याकडं नंतर जा.

एन्ड टिकायचं खरं काम बुटाचं आणि ग्रीसचं. उसाच्या फडात, बांधावरनं गाडी गेली की पाचटाचे खुंट बुटाला घासतात, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटावर सुकून दगड होतो आणि रबर फाटतं. एकदा फाटलं की आत पाणी आणि बारीक रेती, पुढं जॉइंटचं आयुष्य संपलं. ज्यांच्या गाड्या 2019 किंवा 2021 च्या महापुरात पाण्यात उभ्या होत्या त्यांनी इंजिन-ऑइल बदललं, वायरिंग सुकवलं, पण एन्ड, किंगपिन आणि चाकाचे बेअरिंग किती जणांनी उघडून बघितले? आत गेलेला गाळ ग्रीस मारून बाहेर येत नाही, तो तिथंच बसून घासत राहतो. निप्पल असलेल्या जॉइंटला ग्रीस मारताना आधी निप्पल पुसा, नाहीतर वरची मातीच आत ढकलता, आणि बूट थोडा फुगला की थांबा. जुन्या ग्रीसबरोबर तपकिरी पाणी बाहेर आलं तर त्या जॉइंटचे दिवस भरलेत. किंगपिनला ग्रीस मारायचं तर चाकं उचलून मारा, वजन असताना ग्रीस खालच्या बाजूला जातच नाही. निप्पल नसलेले एन्ड सीलबंद असतात, त्यांना सुईनं भोक पाडून ग्रीस भरणारे महाभाग पण आहेत, ते करू नका.

सगळं झाल्यावर दोन-तीन लोड मारले की परत एकदा खाली जाऊन बॉक्सचे बोल्ट, क्लॅम्प आणि यू बोल्ट पान्यानं तपासा, नवे भाग बसताना थोडे सैल होतातच. बॉक्सवरची खडूची रेघ पुसू नका, ऑइल पेंटनं पक्की करून टाका, पुढच्या वेळी नुसता टॉर्च मारला तरी दिसेल.